दादाची गाडी, जव्हारमार्गे

ठाण्याहून निघताना वहिनीने मला जिन्याच्या वळणावर थांबवलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, "काहीही झालं तरी त्याला स्टिअरिंगला हात लावू देऊ नकोस." खाली दादा मऊ फडक्याने गाडीची पुढची काच पुसत होता. मी मान हलवली. खरं तर त्या क्षणी मला दादाची काळजी नव्हती. मला त्या गाडीची भीती वाटत होती.

दादा माझा मोठा भाऊ. अंबरनाथला त्याचा सुटे भाग बनवायचा लहानसा कारखाना होता. तो बंद केल्यावर त्याने जन्मभराची हौस भागवली आणि कुणीतरी थोडीच वापरलेली एक मसल कार घेतली. लांबलचक नाक, रुंद खांदे, दोनच दारं आणि नाकाखाली आठ सिलिंडरचं इंजिन. ती सुरू झाली की सोसायटीतल्या खिडक्यांची तावदानं थरथरायची. पण या पावसाळ्याच्या तोंडाला दादाला मेंदूचा लहानसा झटका आला. हात, पाय, वाचा, सगळं शाबूत राहिलं. डॉक्टरांनी गाडी चालवणं मात्र बंद केलं. डावीकडे जरा अंधूक दिसतं, होईल बरं, असं तो सगळ्यांना सांगायचा. आम्हीही त्यापलीकडे कधी विचारलं नाही. गाडी परक्याच्या हाती द्यायला त्याचं मन घेईना, म्हणून एक दिवस त्याने मला फोन केला. नंदा, तुला गाड्यांची आवड आहे, तू घेऊन जा नाशिकला.

मला आवड होती ती माझ्या गाडीची. नाशिकला माझं औषधांचं दुकान आहे, आणि गेली कित्येक वर्षं माझ्याकडे एक छोटी स्पोर्ट्स कार होती. दोन माणसांपुरती, फायबरच्या अंगाची, कापडी टपाची. इतकी हलकी की दार जरा जोरात लावलं तर सबंध गाडी डुलायची. तिच्यात बसलं की रस्ता पाठीच्या कण्याला कळायचा. कुठे खडी आहे, कुठे डांबर नवं आहे, सगळं ती सांगायची. रविवारी दुकान बंद असलं की मी टप उघडून वणीला, सापुताऱ्याला जाऊन यायचे. आमच्या इमारतीत गाडी लावायला एकच जागा. म्हणून दादाला हो म्हटल्यावर मी ती एका तरुण जोडप्याला देऊन टाकली. ती वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत गॅलरीत उभी राहिले आणि दुसऱ्याच दिवशी बसने ठाण्याला आले.

कसाऱ्याच्या घाटातून ट्रकांच्या रांगेत जाण्यापेक्षा वाडा, जव्हार, मोखाडा, त्र्यंबक या मार्गाने जाऊ, असं दादानेच ठरवलं. आपल्या गाडीत बसून एकदा त्या डोंगरांतून जायचं होतं त्याला. मलाही वाटलं, गर्दी कमी म्हणजे भीती कमी.

माझी उंची जेमतेम. सीट पार वर घेऊन, खाली उशी ठेवूनही मला बॉनेटच्या टोकापुढचा रस्ता दिसेना. नाक कुठे संपतं तेच कळत नव्हतं. त्यात ही गाडी बिनक्लचची. माझ्या डाव्या पायाला वर्षानुवर्षांची सवय. पहिल्याच सिग्नलला त्याने क्लच समजून रुंद ब्रेक दाबला आणि दादा पट्ट्यात आदळला. त्याने खिडकीवरची मूठ धरली ती पुढे कितीतरी वेळ सोडली नाही. वाड्यापर्यंत मी डावा पाय सीटखाली दुमडून बसले. ॲक्सिलरेटरवर पायाचं बोट टेकवलं तरी गाडी उसळायची. गावागावांतल्या गतिरोधकांवर तिचं पोट घासायचं. तो खरखर आवाज ऐकला की दादा डोळे मिटून घ्यायचा.

विक्रमगड सोडल्यावर डोंगर जवळ आले. ऑक्टोबर लागला होता तरी पाऊस पुरता हटला नव्हता. खाचरांतला भात पिवळा पडू लागलेला, आणि वरच्या उतारांवर नागली (नाचणी) तांबूस कणसं धरून उभी. साखरशेतला चहासाठी थांबलो. टपरीपुढे गाडी उभी करताच चार-पाच माणसं भोवती आली. एकाने वाकून चाकं पाहिली, एकाने ती किती पळते ते विचारलं, आणि हातात विळा घेऊन उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी, इतक्या मोठ्या गाडीत दोनच माणसं कशी, असं विचारलं. दादा खुलला. बॉनेट उघडून त्याने सगळ्यांना इंजिन दाखवलं. मी चहाचा पेला हातात धरून बाजूला उभी होते आणि पुढे चढत गेलेला रस्ता पाहत होते. आता घाट लागणार होता.

जव्हारला चढणारा तो घाट फार मोठा नाही, पण मला तो संपेचना. वळणावर नाक आभाळाकडे व्हायचं आणि पुढे रस्ता आहे की नाही ते क्षणभर कळायचं नाही. एका वळणावर समोरून एस.टी. आली. लहान गाडीत मी अशा वेळी कडेला सरकून सहज निघून गेले असते. इथे मी जागच्या जागी थांबले, कारण डावीकडे किती जागा आहे याचा मला काही अंदाजच नव्हता. दादाला विचारलं, "डावीकडे बघ रे, किती जागा आहे?" तो खिडकीकडे वळला, पुरता अंगासकट वळला, आणि मग म्हणाला, "आहे, आहे. ये." एस.टी.च्या ड्रायव्हरने आरसे दुमडून बस इतक्या जवळून काढली की तिच्या पत्र्याची ऊब लागली. नंतर मी उतरून पाहिलं. आमची डावी चाकं गटाराच्या काठावर होती.

जव्हार वर पठारावर आहे, हवा थंड. स्टँडजवळ आठवड्याच्या बाजारासारखीच गर्दी होती. सरकारी कचेऱ्यांतून जेवायला बाहेर पडलेली मंडळी, शाळेच्या मुली, आणि पाड्यांवरून (वस्त्यांवरून) आलेल्या बायका भाज्यांचे वाटे मांडून बसलेल्या. एका खानावळीत जेवायला बसलो. नागलीची भाकरी, उडदाची आमटी, वांग्याची भाजी, आणि वाढणाऱ्या बाईंनी कौतुकाने आणून दिलेली पानमोडी (काकडीचा कीस तांदळाच्या पिठात मळून, पानात गुंडाळून उकडतात). दादाला ती लहानपणापासून आवडते. तो भाकरी-आमटी जेवला, हात धुवायला उठू लागला.

"दादा, पानमोडी?" मी म्हटलं.

"वाढलीच नाही," तो म्हणाला.

ती त्याच्या ताटातच होती, डाव्या अंगाला. भाजीही तिथेच होती, बोटसुद्धा न लागलेली. ताटाच्या मधोमध कुणी रेघ मारावी तसा उजवा भाग स्वच्छ आणि डावा भरलेला. मी ताट थोडं फिरवलं. पानमोडी त्याच्या समोर आली. तो तिच्याकडे पाहत राहिला, मग खाली मान घालून खाऊ लागला. अंधूक दिसतं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. त्याला त्या बाजूला काळोखही दिसत नव्हता. त्याच्या लेखी ती बाजू नव्हतीच. आणि घाटात मी याच माणसाला डावीकडची जागा विचारली होती.

जेवण उरकून जव्हारहून निघालो. मोखाड्याच्या रस्त्यावर एका मोरीचं काम चाललं होतं. झेंडा घेतलेल्या माणसाने आम्हाला पोशेरा गावाच्या अंगाने आतल्या रस्त्याला वळवलं. तेवढ्यात सर आली, जोरात कोसळली आणि गेलीही. आतला रस्ता एका गाडीपुरताच. उजवीकडे डोंगर, डावीकडे दरी, कडेला कुठे दगड रचलेले, कुठे तेही नाहीत. शेतातून आलेल्या ट्रॅक्टरने चाकांचा चिखल डांबरावर आणून टाकला होता आणि त्यावर पाणी पडलेलं. खाली दरीत खुरासणी (कारळा) पिवळीधमक फुलली होती. इतकं देखणं दृश्य, पण मी त्याकडे पाहायचं धाडस केलं नाही.

एका चढाच्या वळणावर गाडी जरा मंदावली म्हणून मी पाय दाबला. माझ्या जुन्या गाडीने अशा वेळी कुरकुर करत थोडा जोर लावला असता. या गाडीने एक क्षण काहीच केलं नाही आणि मग सगळं एकदम केलं. इंजिन गरजलं, मागची चाकं चिखलावर सुटली आणि गाडीचं बूड दरीकडे झुकलं. समोरच्या काचेत आधी डोंगर आला, मग आम्ही आलो होतो तो रस्ता. मी दोन्ही पायांनी ब्रेक दाबला असावा. गाडी आडवी होऊन थांबली. इंजिन बंद पडलं. मागच्या काचेतून पाहिलं तर तिथे रस्ता नव्हता, दूरवर खाली खाचरं होती.

हात स्टिअरिंगवरून सुटेनात. गुडघे एकमेकांवर आपटत होते. मागून माणसांनी भरलेली एक जीप आली आणि थांबली. तिच्या ड्रायव्हरने उतरून बघितलं, मागचं चाक कडेपासून हातभर आत आहे असं सांगितलं आणि गाडी सरळ करून घ्या म्हणाला. मला ते कळत होतं, पण जमत नव्हतं. जीपमधली माणसं वाट पाहत होती. कुणीतरी हॉर्न वाजवला.

"ऊठ," दादा म्हणाला. "मी घेतो."

"नको."

"नंदा, तुझे पाय बघ. या पायांनी तू गाडी दरीत घालशील. फक्त मोखाड्यापर्यंत."

वहिनीचं बोलणं मला आठवत होतं. ताटही आठवत होतं. तरी मी उतरले. भीती माणसाला इतकं लाचार करते की समोर दुसरा कुणी हात पुढे करतो आहे, एवढंच दिसतं. मी गाडीला वळसा घालून डावीकडे येऊन बसले आणि मला हायसं वाटलं. हायसं वाटल्याची लाज नंतर वाटली.

दादाने गाडी दोन झोक्यांत सरळ केली. त्याच्या हाताखाली ती वेगळंच जनावर वाटत होती. गुरगुर थांबली, वळणं गोल झाली. त्याच्या चेहऱ्यावर कितीतरी महिन्यांनी रंग आला. मी डावीकडचा रस्ता पाहत होते, मनाशी म्हणत होते की मी आहे ना बघायला. पण शेवटी मीही दमलेलीच होते. एका उतारावर माझे डोळे क्षणभर दरीतल्या पिवळ्या फुलांवर गेले.

परत पाहिलं तेव्हा पुढच्या वळणावर, रस्त्याच्या डाव्या कडेने, गवताचा भला मोठा भारा चालला होता. भाऱ्याखाली एक बाई होती. आम्ही सरळ तिच्यावर चाललो होतो.

"दादा, बाई!" मी ओरडले.

त्याने झटकन मान वळवली ती उजवीकडे. डोंगराकडे. मी तोल सोडून त्याच्या अंगावर झुकले आणि दोन्ही हातांनी स्टिअरिंग उजवीकडे रेटलं. ब्रेक लागला. धप्प असा मऊ आवाज झाला, मग करकर, आणि गाडीचं ते लांब नाक डोंगराच्या मातीत शिरलं.

तो मऊ आवाज आजही माझ्या कानात आहे. मी दार उघडून उतरले. मागच्या चाकाखाली गवत पसरलं होतं. बाई नव्हती. मी कडेला जाऊन खाली पाहिलं. चार-पाच हात खाली, कारवीच्या झुडपांत ती बसली होती. भारा टाकून तिने उडी मारली होती. चाकाखाली गेला होता तो नुसता भारा.

मी बसत-घसरत खाली उतरले. बाई वयाने माझ्याएवढीच असेल. गुडघा सोलवटला होता, रक्त येत होतं, कपाळावर ओरखडे. आम्ही दोघी एकमेकींचे दंड धरून तशाच बसलो. वरच्या शेतातून तिचा नवरा धावत आला. त्याचं नाव रामदास, तिचं जानकी. भात कापून झालं की तो भिवंडीकडे बांधकामावर जायचा, त्यामुळे त्याच्या बोलण्यात हिंदी मिसळलेली. तो संतापलेला होता, आणि त्याचं बरोबरच होतं. अंधे हो क्या, असं त्याने दादाला विचारलं आणि त्याच्या शर्टाला हात घातला.

जानकीबाईंनी त्याला थांबवलं. लंगडत त्या दादासमोर आल्या. दादा गाडीला टेकून उभा होता, पांढराफटक.

"भाऊ, मी तुमाला नाय दिसली?" त्यांनी विचारलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांना खरोखर समजून घ्यायचं होतं. एवढा मोठा भारा, लाल लुगडं, भर दिवसा.

मला वाटलं, आता तो ऊन डोळ्यांवर आलं म्हणेल, चिखल म्हणेल.

"नाही," तो म्हणाला. "मला डावीकडचं दिसत नाही."

"कयच नाय?"

"काहीच नाही."

जानकीबाई एक पाऊल त्याच्या डाव्या बाजूला सरकल्या. "आथा (आता)?"

"नाही."

त्या हळूहळू पुढून उजवीकडे आल्या. दादा समोर नजर लावून उभा होता. त्याच्या नाकासमोरून त्या जरा पुढे गेल्या तेव्हा त्याचे डोळे हलले. "आता दिसलात," तो म्हणाला, आणि रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसून रडू लागला. मी दादाला वडील गेले तेव्हाही रडताना पाहिलं नव्हतं. रामदासचा हात खाली आला. जानकीबाई दादाच्या उजव्या बाजूलाच थांबल्या, त्याला दिसतील अशा.

मग मी त्यांना म्हटलं की मोखाड्याच्या दवाखान्यात जाऊ, जखम धुऊन घेऊ, सुई घेऊ. त्या नको म्हणत होत्या, घरी हळद लावते म्हणाल्या. रामदास मात्र म्हणाला, "जायचाच. पण गाडी कोन चालवल?"

तिघांनी माझ्याकडे पाहिलं.

रामदासने आणि मी मिळून चाकाखालचं गवत ओढून काढलं. गाडीचं नाक चेपलं होतं, एक दिवा फुटला होता, पण ती सुरू झाली. जानकीबाईंना पुढे बसवलं. दादा आणि रामदास मागच्या अरुंद सीटवर गुडघे पोटाशी घेऊन कसेबसे मावले. मी उशी सरळ केली, डावा पाय दुमडला. मघाशी नुसती गाडीची भीती होती. आता शेजारी एक बाई होती, जी आमच्या हातून मरता मरता वाचली होती, आणि तिने माझ्या भरवशावर पट्टा लावून घेतला होता. माझी भीती तसूभरही कमी झाली नव्हती. फक्त ती आता दुसऱ्या कुणाला देऊन टाकण्याची सोय उरली नव्हती.

मी चालत्या माणसाच्या वेगाने निघाले. जानकीबाई खिडकीतून कडेकडे बघत होत्या आणि न विचारता सांगत होत्या, जागा हाय, जागा हाय, आथा नाय, थांब बाय. त्यांचा गुडघा माझ्या ओढणीने बांधला होता आणि ओढणी भिजत होती. मोखाडा येईपर्यंत मी एकदाही दरीकडे पाहिलं नाही.

दवाखान्यात नर्सबाईंनी जखम धुतली, पट्टी बांधली, सुई दिली. हाड मोडलेलं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी बाहेरच्या बाकावर बसून पाणी प्यायले. सगळं कसं झालं ते दादाने डॉक्टरांना स्वतः सांगितलं, गाडी आपण चालवत होतो हेसुद्धा. मी त्यांना घरी सोडते म्हटलं, तर रामदासने हात जोडले. जीप आहे, ताई, तुम्ही सांभाळून जा. तो आता हसत होता, पण पुन्हा त्या गाडीत बसायची त्याची इच्छा नव्हती आणि मला ते समजत होतं. जानकीबाई मात्र जीपमध्ये चढण्याआधी दादाकडे आल्या, उजव्या बाजूने, आणि म्हणाल्या, "डोळं नाय तर नाय. सांगत जा लोकाना."

त्र्यंबकच्या दिशेने निघालो तेव्हा आभाळ मोकळं झालं होतं. डोंगरांवर उतरतं ऊन होतं आणि पाण्याच्या बारीक धारा अजून कड्यांवरून लोंबत होत्या. मी सावकाश चालवत होते. मागून येणाऱ्याला हात दाखवून पुढे जाऊ देत होते. मग दादा सांगू लागला. झटका आल्यापासून तो घरातही दारांना धडकायचा. वहिनी डावीकडून बोलली की दचकायचा. झोपायलाही घाबरायचा, कारण जाग आल्यावर अर्धी खोली नसायची आणि त्याला वाटायचं आता उरलेलीही जाणार. हे सगळं त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. बोललं की ते खरं होईल, अशी धास्ती होती त्याला. मी गाडीला घाबरत होते त्याच्या कितीतरी पट तो घाबरलेला होता, आणि त्या भीतीतच त्याने स्टिअरिंग धरलं होतं.

नाशिकला पोहोचताच त्याने वहिनीला फोन लावला आणि झालेलं सगळं सांगितलं. माझं नाव त्याने कुठेही पुढे केलं नाही. मी फोन मागून घेतला आणि माझा भाग मी सांगितला. वहिनीने आधी त्या बाईंच्या गुडघ्याबद्दल विचारलं.

गाडी दुरुस्तीला टाकली होती, म्हणून पुढच्या आठवड्यात आम्ही जीपने पोशेऱ्याला जाऊन जानकीबाईंना भेटून आलो. जखम सुकत होती. त्यांनी नागलीचं पीठ बांधून दिलं. त्यानंतर दादा ठाण्याला परत निघाला, बसने. मी स्टँडवर सोडायला गेले होते. खिडकीतून मला दिसलं, तो आत चढला, डावीकडच्या रिकाम्या जागेपाशी थबकला आणि तिथून कंडक्टरकडे वळला. गर्दीत त्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला.

"मला डाव्या बाजूचं दिसत नाही. उजवीकडची खिडकी मिळेल का?"

एका कॉलेजच्या मुलीने उठून त्याला जागा दिली. तो बसला आणि बाहेर बघून त्याने हात केला. मी पलीकडे, त्याला दिसेल अशा ठिकाणी जाऊन उभी राहिले.

लहान गाडीत मला कधी भीती वाटली नाही, कारण चुकले असते तर फार तर मलाच लागलं असतं. मोठ्या गाडीची चूक दुसऱ्याच्या अंगावर जाते. बस निघून गेल्यावर मी दुरुस्त होऊन आलेल्या त्या गाडीत येऊन बसले. घामेजलेले तळवे ओढणीला पुसले, डावा पाय सीटखाली घेतला, आधी डावीकडे, मग उजवीकडे आणि पुन्हा एकदा डावीकडे पाहिलं, आणि मगच ती सुरू केली.